खोट्या विहिरीला दिलेली हाळी

मे महिन्यात कॅलेंडर फुकट वाटणारा दुकानदार हुशार, आणि ते घेणारं गिऱ्हाईक त्याहून हुशार, असं शरणबसप्पांचं मत होतं. वाटणाऱ्याची अडगळ जाते आणि घेणाऱ्याला वायरिंगची चित्रं काढायला पाठकोरा कागद मिळतो. त्या दिवशी सकाळच्या एसटीनं सोलापूरहून माल घेऊन ते नळदुर्गात उतरले, तेव्हा एका हातात तांब्याच्या तारेचं रीळ, दुसऱ्या हातात रिले नावाच्या छोट्या स्विचांचा खोका आणि काखेत असलंच एक कॅलेंडर होतं. ऊन तापायला लागलं होतं. हायवेवरच्या ढाब्यांपुढं ट्रकवाले बाजांवर आडवे झाले होते. मनात काही नव्हतं. दुकानात जायचं, माठातलं पाणी प्यायचं आणि दुपारून बाभुळतळीला एक पॅनेल पोचतं करायचं, एवढंच काम.

शरणबसप्पांना सगळा तालुका आप्पा म्हणतो. शाळा सातवीपर्यंत, तीही रडतखडत. धंदा मोटारी भरायचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून द्यायचा, आणि त्याच्या जोडीनं पंपांची पॅनेलं करायचा. सगळं शिकले ते करून, जाळून आणि पुन्हा करून. विहिरीतलं पाणी संपलं की मोटार आपोआप बंद व्हावी, असं पॅनेल त्यांनी पहिल्यांदा केलं, तेव्हा ते चालतंय का बघायला येरमाळ्याच्या एका ओळखीच्या बागाईतदाराच्या मळ्यात नेलं होतं. पाणी संपायची वाट बघत सगळे बांधावर बसले. भाकरी खाऊन झाल्या, पत्त्यांचे डाव झाले. शेवटी पाणी संपलं, मोटार काही थांबली नाही, आणि धूर निघाला. बागाईतदार भला माणूस. तो म्हणाला, "आप्पा, परीक्षा तुमच्या पॅनेलची होती, नापास माझी मोटार झाली." आप्पांनी हसत हसत त्याची मोटार भरून दिली, पण ते बोलणं डोक्यात राहिलं.

पुढं संघप्रिया भेटली. जवळच्याच गावची मुलगी, इंजिनिअर. पुण्यात गाड्यांच्या ब्रेकमधल्या चिपा तपासायचं काम करायची. आईचं दुखणं निघालं म्हणून गावाकडं आली आणि आप्पांच्या दुकानात भागीदारीनं बसली. जळक्या मोटारीची गोष्ट ऐकून तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "आप्पा, खऱ्या मोटारी कशाला जाळता? खोटी विहीर करू."

"खोट्या विहिरीतनं पाणी येतंय व्हय?"

"पाणी कशाला पाहिजे? पॅनेलला पाणी थोडंच दिसतंय. त्याला दिसती ती फक्त तार. तारेतून आपण सांगायचं, पाणी एवढं आहे. ते विश्वास ठेवतं."

खोटी विहीर म्हणजे टेबलावर एक लॅपटॉप आणि त्याला जोडलेली चपलांच्या खोक्याएवढी पेटी. पॅनेल खरं. त्यातली चिप खरी, रिले खरे, बटणं खरी. फक्त त्याच्या तारा विहिरीत न जाता त्या पेटीत जायच्या. पेटी म्हणायची पाणी उतरलं, की पॅनेल मोटार बंद करायचं. लाइट गेली, आली, एक फेज कमी आला, वळवाचा पाऊस झाला, झरा आटला. उन्हाळ्याचा अख्खा दिवस पेटी चहा संपायच्या आत पॅनेलला दाखवून मोकळी. तारांच्या पलीकडं ना मोटार, ना पाण्याचा थेंब, आणि पॅनेलला त्याचा पत्ता नाही. आप्पांना हे फार पटलं. बाजारात बैल घेताना रिकाम्या गाडीला जुंपून, शेपूट पिरगाळून, कानाशी डबा वाजवून बघतात, त्यातलाच प्रकार. फक्त इथं गाडीसुद्धा हिशेबातली. तेव्हापासून खोट्या विहिरीत पास झाल्याशिवाय पॅनेल दुकानाबाहेर गेलं नाही, आणि गेलेलं तक्रार घेऊन परत आलं नाही. परंड्यापासून उमरग्यापर्यंत नाव झालं. दुकानदाराला आणखी काय पाहिजे?

तर त्या दिवशी आप्पा दुकानात शिरले. झळा आत येऊ नयेत म्हणून शटर अर्धं खाली ओढलेलं होतं. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत तळघरासारखा काळोख. वार्निशचा आणि जळक्या तारेचा नेहमीचा वास. त्या काळोखात टेबलावरच्या पॅनेलचा लाल दिवा तेवढा पेटलेला होता.

"झालं का पॅकिंग?" आप्पांनी माठाकडं जाता जाता विचारलं.

"नाही आप्पा," संघप्रिया म्हणाली. "नापास होतंय."

"कशात?"

"बाराच्या लाइटीत."

बाभुळतळीला पिण्याच्या पाण्याचा एक जुना, अरुंद आड होता. आतल्या कपारीवर मोटार बसवलेली. सकाळी गावाची लाइट जायची ती दुपारी बाराच्या सुमारास यायची. आजवर कुणीतरी जाऊन बटण दाबायचं. सरपंच आण्णासाहेबांनी ऑर्डर देताना सांगितलं होतं, "लाइट आली की मोटर आपली आपण चालू झाली पाहिजे. बटण दाबायला माणूस जायची भानगड नको." म्हणून संघप्रियानं आडाची खोली, घेर, झऱ्याचं पाणी, सगळं मोजून आणलं होतं. पाण्यात सेन्सर सोडून दोन दिवस पाणी कसं वरखाली होतं तेही टिपलं होतं. त्या मोजणीवरून तिनं बाभुळतळीची खोटी विहीर बांधली होती.

तिनं लॅपटॉप आप्पांकडं वळवला. पडद्यावर पाण्याची निळी रेघ सरळ चालली होती. खोटी सकाळ झाली, खोटी लाइट गेली. खोटे बारा वाजत आले. आणि लाइट यायच्या जरा आधी ती रेघ हळूच वर उचलली गेली. फार नाही. मग ती तिथंच थरथरत राहिली, पाण्यात कुणी हात हलवत असल्यासारखी. लाइट आली. पॅनेलनं मोटार चालू केली नाही. लाल दिवा तसाच.

पाणी हलत असेल तर मोटार चालू करायची नाही, हा नियम संघप्रियानंच चिपेत घातला होता. पाण्यातला सेन्सर सैल झाला तर पॅनेल फसू नये, एवढाच त्यामागचा विचार. म्हणजे पॅनेल चुकत नव्हतं. त्याला सांगितलं होतं तेच ते करत होतं.

"पाणी किती वर येतंय?"

"दोन बोटं."

"तूच कुठंतरी लिहिलं असशील, बाई."

"मी लिहिलेलं सगळं हे तुमच्या पुढ्यात आहे. मोटार बंद, झरा करंगळीएवढा. पाणी वर यायला कारणच नाही."

आप्पांनी तारा आवळून बघितल्या. पेटी बदलली. पंख्यामुळं काही होतंय का, म्हणून पंखा बंद केला. दोघंही घामानं निथळली. संघप्रियानं लॅपटॉप बंद करून परत चालू केला. मग तिनं येरमाळ्याची जुनी विहीर लावून बघितली. रेघ ताणलेल्या दोरीसारखी सरळ. पुन्हा बाभुळतळी लावली. बारा वाजत आले, आणि दोन बोटं.

बाहेर हायवेवरची वाहनं दुपारच्याला असतात तशी तुरळक झाली होती. एखादा ट्रक जायचा, मग बराच वेळ नुसती शांतता. त्या शांततेत पेटीतली चिप बारीक गुणगुणत होती.

आप्पा शेवटी व्यापारी. पॅनेल आज पोचतं करायचं कबूल केलेलं होतं. ते म्हणाले, "दोन बोटांनी काय होतंय? पॅनेलला सांग, एवढ्याशा हलण्याकडं बघू नकोस."

"पेपर अवघड आला म्हणून सोपा करायचा का आप्पा?"

"गावाला उद्या पाणी पाहिजे."

मग तिनं चिपेतला नियम सैल केला आणि पुन्हा दिवस चालू केला. सकाळ. लाइट गेली. बारा वाजत आले. रेघ दोन बोटं वर आली, थरथरली. लाइट आली आणि टक्क आवाज करून कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटार चालू करणारा मोठा स्विच, आत बसला. हिरवा दिवा लागला.

"झालं की," आप्पा म्हणाले आणि पॅकिंगची सुतळी शोधायला वळले.

संघप्रिया जागची हलली नाही.

"आप्पा... रेघ बघा."

रेघेची थरथर थांबली होती. कॉन्टॅक्टर बसला त्या क्षणाला थांबली होती, एकदम. मोटार पाणी उपसत होती, तशी रेघ खाली उतरत होती. पण हिशेबानं जिथं असायला पाहिजे त्याच्या दोन बोटं वरूनच. शेवटपर्यंत ते अंतर राहिलं.

"ते खालीच राहिलं..." संघप्रिया हळू आवाजात म्हणाली.

ती पाण्याबद्दल बोलत नव्हती, एवढं आप्पांना कळलं. आणि तेवढ्यात त्यांना वास आला. वार्निशचा नव्हे. शेवाळाचा. भिजून कुजलेल्या दोराचा. सगळ्या दुकानात सुका माल, माठ तेवढा एका कोपऱ्यात, आणि वास येत होता तो टेबलाकडून.

"बंद कर," आप्पा म्हणाले. "नियम होता तसा घाल. आपण गावात जाऊन येऊ."

आप्पांच्या टेम्पोला गाणी लावायची सोय आहे, पण त्या दिवशी ती कुणी लावली नाहीत. बाभुळतळीला पोचले तेव्हा ऊन उतरणीला लागलं होतं. आडाशेजारच्या लिंबाखाली एक म्हातारी चुंबळ उशाला घेऊन टेकली होती. ही सरुबाई. तिचा मुलगा धम्मपाल ग्रामपंचायतीचा पाणीवाला. तो मोटारीच्या बटणाच्या बोर्डाजवळ उभा होता.

"जय भीम, मावशी," संघप्रिया म्हणाली.

"जय भीम. मोजणीवाली बाई न्हवं का तू? आन् ह्ये कोण?"

"मी पॅनेलवाला," आप्पा म्हणाले.

"या की. सावलीला बसा. ह्या पोराला म्हणावं, तुमचं मशीन आल्यावर तुझी नोकरी जाती का र्‍हाती ते इचार."

"आई, गप," धम्मपाल हसला. "नळाला तोट्या बसवायला तरी ठेवतील मला."

तेवढ्यात बोर्डावरचा बल्ब पेटला. दुपारी येऊन गेलेली लाइट परत आली होती. पण धम्मपालनं बटणाला हात लावला नाही. तो आडाच्या कडेला गेला, वाकला आणि तोंडाशी हात धरून आत ओरडला, "हाय का खाली कुणीऽ?"

आवाज आत फिरला आणि विरला. तो तसाच थांबला. परत ओरडला, "लाइट आलीया, वर याऽ." परत थांबला. मग सावकाश बोर्डाकडं येऊन त्यानं बटण दाबलं.

आप्पा आणि संघप्रियानं एकमेकांकडं बघितलं.

"धम्मपाल, खाली कोण होतं?" आप्पांनी विचारलं.

"कुणी न्हाय."

"मग हाक कुणाला मारलीस?"

"हाक न्हवं आप्पा, हाळी. हाळी दिल्याबिगर ह्या आडाची मोटर कुणी चालू करत न्हाय. सरपंच आला तरी हाळी देतोय."

"मला कुणी सांगितलं नाही हे," संघप्रिया म्हणाली. "मी सगळ्यांना विचारलं होतं. खोली, घेर, केबल, लाइटीची वेळ..."

"तू मोटरीचं इचारलंस," सरुबाई म्हणाली. "हाळी म्हंजे काय मोटर न्हाय."

मग तिनं सांगितलं, ते तांदूळ निवडताना सांगावं तसं, सरळ. धम्मपालचा बाप कोंडिबा हा ह्याच आडाचा पाणीवाला. त्याच्या आजाला ह्या आडाच्या कडेला उभं राहायची मुभा नव्हती, आणि कोंडिबाच्या हातात सगळ्या गावाच्या पाण्याची किल्ली होती. त्याची त्याला ऐट होती. रोज दुपारी लाइट नसताना तो आडाच्या भिंतीतल्या लोखंडी कड्यांवरून आत उतरायचा आणि पाइपाच्या तोंडाच्या फुटव्हॉलवरचं शेवाळ काढायचा. एकदा कुणीतरी बाजारातून ऑटो-स्विच आणून बोर्डाला लावला. लाइट आली की मोटर आपली आपण चालू. कोंडिबाला कुणी सांगितलं नाही. तो खाली असताना लाइट वेळेआधी आली. केबलचा जोड पाण्याला टेकलेला होता.

"करंट उतरला पाण्यात," सरुबाई म्हणाली. "तवापास्नं त्यो स्विच फेकून दिला आन् हाळी लावली. हाळी द्यायची आन् थांबायचं. वर यायला माणसाला जेवढा येळ लागतोय तेवढं थांबायचं."

"आता आत कोण उतरतं?" आप्पांनी विचारलं.

"म्याच की," धम्मपाल म्हणाला. "रोज दुपारी. फुटव्हॉल कोण साफ करणार?"

आप्पांना सरपंचांची ऑर्डर आठवली. माणूस जायची भानगड नको, असं आण्णासाहेब म्हणाले होते. बटण दाबणारा माणूस गेला, की त्याच्याबरोबर हाळीही जाणार होती. नियम सैल केलेलं ते पॅनेल आप्पांनी आज इथं बसवलं असतं, तर उद्या दुपारी हा पोरगा खाली असताना टक्क आवाज झाला असता.

इतक्यात संघप्रियाचा चेहरा उजळला. "कळलं आप्पा. माझा सेन्सर दोन दिवस आत होता, आणि त्या दोन्ही दुपारी धम्मपालदादा उतरले असणार. माणूस पाण्यात उतरला की पाणी वर येणारच. माझ्या मोजणीतून ते खोट्या विहिरीत आलं. माझी चूक, बाकी काही नाही."

आप्पांना इतकं हलकं वाटलं, की ते मोठ्यानं हसले. "हात् तिच्या. म्हंजे दुपारभर आपण ह्या धम्मपालला बघत होतो."

"किती वर आलं म्हणलीस पाणी?" सरुबाईनं विचारलं.

"दोन बोटं, मावशी."

म्हातारीनं मुलाकडं एकवार बघितलं, बाजारात वस्तू जोखावी तसं.

"मग ह्यो न्हवं. ह्येचं दीड बोट भरतंय. अंगानं बारीक हाय." आडाच्या आतल्या दगडावर चुन्याची एक जुनी खूण होती, तिच्याकडं तिनं बोट केलं. "ही खूण म्या केली. खाली उतरलेला माणूस वरून दिसत न्हाय, कपार आडवी येती. पर पाणी दिसतंय. खुणंवरून समजायचं, खाली हाय का वर आला. दोन बोटं भरायची ती ह्येच्या बापाची. थोर गडी."

मोटरीचा आवाज तेवढा आडातून येत राहिला.

"मावशी," आप्पांनी जपून विचारलं, "तुम्हाला... काही वाटत नाही?"

"काय वाटायचंय? आमी बुद्धाची माणसं. भूतबित मानत न्हाय आमी." तिनं पदर नीट केला. "पर हाळी द्यावी लागती. ती काय भुतासाठी न्हाय. माणसासाठी हाय."

संघप्रियानं पिशवीतून मोबाइल काढला. पॅनेलला एक भोंगा जोडायचा, असं तिनं ठरवलं. लाइट आली की आधी भोंग्यातून हाळी, मग माणूस वर येईपर्यंत थांबणं, पाणी शांत झालेलं बघणं, आणि मगच मोटार. नुसता सायरन नको. खाली वाकून काम करणाऱ्याला ओळखीचा आवाज पाहिजे. धम्मपाल म्हणाला, म्याच खाली असतोय, मग माझाच आवाज म्या कसा ऐकू? आईचा घ्या.

"काय म्हणू?" सरुबाईनं विचारलं.

"हाळी देताना म्हणता तेच."

म्हातारी उठली. मोबाइलकडं तोंड न करता ती आडाकडं वळली, कठड्याला हात टेकून वाकली आणि घरातल्या घरात बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आवं... हाय का खाली? लाइट आलीया. वर या."

"आई, मला 'आवं'?" धम्मपाल म्हणाला.

"तू ऐकून घे की. ज्याला कळायचं त्याला कळतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांच्या दुकानात पुन्हा परीक्षा झाली. शटर अर्धं खाली. काळोख. पॅनेलला नवा भोंगा जोडलेला, जुना नियम जागच्या जागी. पडद्यावर खोटे बारा वाजत आले. रेघ दोन बोटं वर आली आणि थरथरायला लागली. लाइट आली. पॅनेल थांबलं, आणि भोंग्यातून सरुबाईचा आवाज दुकानभर पसरला. "आवं... हाय का खाली? लाइट आलीया. वर या."

रेघ थरथरत होती. मग तिच्यात एक हेलकावा आला, जड काहीतरी पाण्यातून उचललं जावं तसा. आणि सावकाश, माणसाला कड्या चढून वर यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात, ती दोन बोटं खाली आली. सरळ झाली. टक्क. हिरवा दिवा.

"पास," आप्पा म्हणाले.

संघप्रिया भोंग्याच्या तारेकडं बघत होती. ती तार पॅनेलमधून निघून भोंग्यात जात होती आणि तिथंच संपत होती. लॅपटॉपकडं जाणारी, पेटीकडं जाणारी दुसरी तार नव्हती. माइकसुद्धा तिनं कधी लावला नव्हता.

"आप्पा, हाळी दिली हे खोट्या विहिरीला कळायला तारच नाही."

आप्पांनी सुतळीची गाठ मारली. "त्याला ऐकू गेलं न्हवं? मग झालं," म्हणाले आणि पॅनेल उचलून टेम्पोत ठेवलं.

पॅनेल बसलं त्याच महिन्यात एका दुपारी बाभुळतळीहून फोन आला. लाइट फार लवकर आली होती. धम्मपाल छातीभर पाण्यात, दोन्ही हात फुटव्हॉलवर. भोंगा वाजला, आईचा आवाज आला, आणि तो कड्या धरून वर आला. कुठं काही खरचटलंसुद्धा नाही. आप्पांनी त्या दिवशी शेजारच्या ढाब्यावरून सगळ्या दुकानाला शेंगदाण्याची चटणी आणि गरम भाकरी मागवली. संघप्रियाच्या आईलाही डबा पाठवला.

फोन ठेवता ठेवता धम्मपाल म्हणाला होता, "आप्पा, एक इचारायचं होतं. म्या वर येऊन, कपडे पिळून उभा र्‍हायलो, तरी पॅनल चालू झालं न्हाय. अजून बराच येळ थांबलं. सेटिंग तसंच हाय का?"

"पाण्यावर लाट असती," आप्पांनी सांगितलं. "ती निवेपर्यंत थांबतंय."

"व्हय, आईबी म्हणली, थांबू द्या म्हणून."

तेव्हापासून आप्पांच्या प्रत्येक पॅनेलला हाळीचा भोंगा असतो. गिऱ्हाइकाला खूळ वाटलं तरी आप्पा बिनभोंग्याचं पॅनेल देत नाहीत. परंड्याच्या एका शेतकऱ्यानं स्वतःच्या बायकोच्या आवाजात शिव्यांसकट हाळी भरून घेतली. गडी धावत वर येतात म्हणे. धंदा बरा चालला आहे. बाभुळतळीच्या आडावर सरुबाई रोज दुपारी लिंबाखाली बसते, स्वतःचाच आवाज ऐकते आणि मग उठून घरी जाते. संघप्रियानं बाभुळतळीची खोटी विहीर लॅपटॉपमधून पुसून टाकली. लागली तर नव्यानं बांधू, म्हणाली. आप्पांनीही हट्ट केला नाही.

दुकानात नमुन्याचं एक पॅनेल भिंतीला टांगलेलं आहे, गिऱ्हाइकांना दाखवायला. त्यात सरुबाईचाच आवाज आहे, आणि तारा मोकळ्या असल्या तरी पाणी आहे असंच धरायचं, हे दाखवण्यापुरतं चिपेत घातलेलं आहे. त्याच्या सेन्सरच्या दोन तारा टेबलाच्या कडेवरून नुसत्या खाली लोंबतात, कशालाच न जोडलेल्या. ना खरी विहीर, ना खोटी.

गेल्या आठवड्यात अशीच दुपार होती. संघप्रिया लॅपटॉप घेऊन घरी जेवायला गेलेली. आप्पा जेवून शटरच्या आतल्या बाजूला चटईवर पडले होते. पोट भरलेलं, अंगावर पंख्याचा वारा, डोळा लागत आलेला. लाइट गेली, पंखा थांबला. थोड्या वेळानं लाइट आली, पंखा फिरायला लागला आणि भिंतीवरच्या पॅनेलनं हाळी दिली.

"आवं... हाय का खाली? लाइट आलीया. वर या."

रोजचंच. आप्पांनी डोळे उघडले नाहीत. हाळीनंतर लगेच टक्क व्हायचं. तारेच्या पलीकडं काहीच नसलं की पॅनेलला थांबायचं कारण नसतं.

टक्क झालं नाही.

आप्पा मिटल्या डोळ्यांनी वाट बघत राहिले. पॅनेल कुणासाठी तरी थांबलं होतं. टेबलाखाली, लोंबणाऱ्या तारांच्या टोकाशी, फरशीवर थेंब पडल्याचा आवाज झाला. मग दुसरा. शेवाळाचा ओला, गार वास चटईपर्यंत आला. बाहेर हायवेवर एकही वाहन नव्हतं.

मग टक्क झालं. मिटल्या पापण्यांवर हिरवा उजेड पडला.

दुकानाचं दार अरुंद, आणि चटई आडवी पसरलेली. शरणबसप्पांनी डोळे उघडले नाहीत. त्यांनी फक्त पाय पोटाशी आखडून घेतले, जाणाऱ्याला वाट मिळावी म्हणून.